शिष्यवृत्तीची मुलाखत १२ दिवसांवर आली आहे. तयारी नेमकी कशाची करावी?

सातरस्ता

नमस्कार. माझ्या लेकीने यंदा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली असून नेदरलँड्समधील एका विद्यापीठात जल-अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. मुंबईतील एका विश्वस्त निधीकडे तिने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. छाननीतून तिचे नाव पुढे आले आणि आता १२ दिवसांनी फोर्टमध्ये मुलाखत आहे. आमच्या घरात नोकरीच्या मुलाखती पुष्कळ झाल्या, माझ्या वडिलांची तर गिरणीच्या दारातच झाली होती. परंतु शिकायला पैसे देणाऱ्यांसमोर बसण्याची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. त्यामुळे सल्ला देणारे सगळे आहेत आणि माहीत असलेले कुणीच नाही.

एका क्लासने तिला ४० पानांचा प्रश्नोत्तरांचा संच दिला आहे आणि रोज रात्री ती गॅलरीत फेऱ्या मारत तो पाठ करते. 'तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता' या प्रश्नाला 'मी फार परिपूर्णतावादी आहे' असे सांगावे, असे त्यात लिहिले आहे. माझ्या माहितीप्रमाणे तिचा सर्वांत मोठा दोष ओला टॉवेल पलंगावर टाकणे हा आहे. चेष्टा बाजूला ठेवून विचारतो: हे पाठांतर तिला करू द्यावे का? दुसरे असे की माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे आणि धाकट्याचे शिक्षण बाकी आहे. घरची ही परिस्थिती तिने आपणहून सांगावी, की विचारले तरच सांगावी?

हार्बर_लाईन

ती ४० पाने पाठकोरी असतील तर मागच्या बाजूवर प्रकल्पाची आकडेमोड करता येईल. पुढच्या बाजूचा उपयोग मला तरी दिसत नाही.

अभ्यासू_मावशी

मी एका छोट्या न्यासाच्या निवड समितीवर सहा वर्षे बसले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगते. दिवसभरात वीस-पंचवीस मुले येतात आणि प्रत्येकाला पंधरा ते वीस मिनिटे मिळतात. आम्ही चौघे असतो: एक त्या विषयातले, एक हिशेबातले, एक विश्वस्त आणि चौथी मी, निवृत्त शिक्षिका. आधीचा मुलगा बाहेर गेला आणि पुढचा आत येईपर्यंत जी दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यात आम्ही अर्ज पुन्हा चाळतो आणि एखाद्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो. पहिला खरा प्रश्न त्या रेघेतून येतो. 'स्वतःविषयी सांगा' हा प्रश्न आम्ही विचारतो तो उमेदवाराला श्वास घेता यावा म्हणून. त्याच्या उत्तराला फार कुणी गुण देत नाही. 'परिपूर्णतावादी' हा शब्द तर इतक्यांदा ऐकला आहे की दिवसातून तिसऱ्यांदा तो आला की आमचे विश्वस्त चहा सांगतात.

एका मुलाने छंद म्हणून 'छायाचित्रण' असे लिहिले होते. आमच्यापैकी एकाने सहज विचारले की भर दुपारी गेटवेचा फोटो काढला तर मागचे आकाश पांढरेफटक का येते. त्याला उत्तर आले नाही आणि ते न येणे हा काही गुन्हा नव्हता. मात्र त्या प्रश्नाचा आपण कधी विचारच केलेला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले आणि मग अर्जातल्या इतर ओळींकडेही आम्ही संशयाने पाहू लागलो. त्याच्या खऱ्या असलेल्या ओळींवरही तो अन्यायच झाला.

म्हणून लेकीला सांगा की अर्जाची आणि निवेदनाची छापील प्रत घेऊन प्रत्येक वाक्यासमोर दोन प्रश्न लिहावेत: 'हे मला कसे माहीत?' आणि 'मग पुढे काय?'. ज्या वाक्याला दोन्हींची उत्तरे नसतील, त्या वाक्यावर दोन दिवस घालवावेत. क्लासच्या संचापेक्षा हे काम जास्त आहे, हे मान्य आहे.

गिरगावकर

मावशींबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. पाठांतराची चेष्टा करणे ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्यांना परवडते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा इंग्रजी मला वाचता येत होते, लिहिता येत होते, पण तोंडातून निघत नव्हते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी अक्षरशः पाठ केली होती आणि ती दोन उत्तरे घडाघडा बाहेर पडली म्हणून जीभ सैल झाली. नाहीतर तिसऱ्या प्रश्नापर्यंत मी पोहोचलोच नसतो. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, त्यातलाच हा प्रकार आहे आणि डबा बांधला म्हणून पोरगा पोहत नाही असे कुणी म्हणत नाही.

अभ्यासू_मावशी

@गिरगावकर, तुमचे म्हणणे मला पटले आणि माझे वाक्य मी सुधारून घेते. पहिली दोन उत्तरे अवश्य पाठ असावीत, फक्त ती आपण स्वतः रचलेली असावीत. क्लासच्या संचाला माझा आक्षेप इतकाच आहे की दोन वेगळ्या मुली एकाच दुपारी तेच वाक्य त्याच ठिकाणी थांबून म्हणतात.

नि३

भाषेचा विषय निघालाच आहे तर विचारतो, अडल्यावर मराठीत बोललेले चालते का?

गिरगावकर

माझ्या वेळी समितीतल्या दोघांना मराठी येत होते. एका ठिकाणी मला 'गाळ' या शब्दासाठी इंग्रजी शब्द आठवेना, तेव्हा मी परवानगी मागून तो मराठीत सांगितला आणि पुढचे वाक्य पुन्हा इंग्रजीत बोललो. कुणी नाक मुरडले नाही. समितीत परप्रांतीय सदस्य असतील तर पूर्ण उत्तर मराठीत देणे योग्य होणार नाही, पण एका शब्दासाठी अर्धा मिनिट मौन पाळण्यापेक्षा हे बरे.

टाकीची_चावी

मी मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या कामात ३१ वर्षे काढली असल्यामुळे हा धागा वाचल्यावर राहवले नाही. सातरस्ता, तुमच्या लेकीचा पदवीचा प्रकल्प कशावर होता ते कृपया लिहा. तिची मुलाखत त्यावरच होणार आहे, मग अर्जात इतर काहीही लिहिलेले असो.

सातरस्ता

आमच्या चाळीतल्या पाण्याच्या दाबावर होता. चाळ तळमजला अधिक तीन मजले अशी आहे आणि आम्ही तिसऱ्यावर राहतो. तिने तळमजल्याच्या नळाला दाबमापक, म्हणजे ज्याला प्लंबर गेज म्हणतो ते बसवले आणि दीड महिना रोज पहाटे पाणी असेपर्यंत दर पाच मिनिटांनी नोंद केली. वहीवर अजून ओल आलेली आहे.

टाकीची_चावी

मग तिला चाळीस पानांची नव्हे, पाच प्रश्नांची गरज आहे. आज रात्री जेवणानंतर तुम्हीच विचारा. गेजने ०.८ बार (बार हे दाबाचे एकक) दाखवले तर पाणी किती उंच चढेल? तिसऱ्या मजल्यावर ते का पोहोचत नाही? पुरवठा चालू असतानाच मध्ये दाब का पडतो? पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते, तेव्हा उरलेल्या वेळी रिकाम्या जलवाहिनीत काय शिरते? आणि शेवटचा: हे पाणी येते कोठून?

हा शेवटचा प्रश्न सोपा वाटतो, पण त्यावर अभियंते अडकतात. शहराला सात तलावांतून पाणी येते: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा. पैकी विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतच आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि तानसा १८९२ चा. आज निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचे असते. सातही तलाव भरले म्हणजे साठा सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर होतो. हे आकडे तोंडपाठ असावेत असे मी म्हणत नाही, पण जी मुलगी जल-अभियांत्रिकी शिकायला परदेशी निघाली आहे, तिला आपल्या हंड्यातले पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत तरी मागे नेता आले पाहिजे.

सातरस्ता

काल रात्री विचारले. पहिल्या प्रश्नाला तिने सूत्र सांगितले. 'सूत्र नको, किती मीटर ते सांग' असे म्हटल्यावर ती गप्प झाली, मग उठून जिन्यात गेली आणि पायऱ्या मोजून आली. एका मजल्याला १८ पायऱ्या आणि प्रत्येक पायरी सात इंचांची, म्हणजे मजला साधारण ३.२ मीटरचा. ०.८ बार दाबाने पाणी साधारण आठ मीटर चढते. दुसऱ्या मजल्याची जमीन ६.४ मीटरवर आणि नळ त्याच्याही मीटरभर वर, म्हणून तिथे करंगळीएवढी धार येते. तिसऱ्याची जमीनच ९.६ मीटरवर, म्हणून आमच्या नळातून नुसती हवा येते. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे, मला शिष्यवृत्ती मिळेल का?'

दाब मध्येच का पडतो हे मात्र तिला वहीतून सापडले. रोज ६.२० च्या सुमारास तो खाली जातो आणि त्याच वेळी शेजारच्या इमारतीचा पंप सुरू होतो.

टाकीची_चावी

जिन्यात जाऊन मोजले हे तिने समितीला अवश्य सांगावे. आणि एक दुरुस्ती: आठ मीटर ही पाणी स्थिर असतानाची उंची झाली. पाणी वाहू लागले की नळाच्या घर्षणात दाब खर्च होतो आणि बिडाचा जुना, आतून गंजलेला पाइप असेल तर जास्तच होतो. समितीतला विषयतज्ज्ञ हे विचारणारच.

कर्जफेड

एक मुद्दा अजून कुणी काढलेला नाही. ही शिष्यवृत्ती अनुदान आहे की कर्जरूप आहे? मुलाखतीचा सूर त्यावर ठरतो. मुंबईतले बरेच मोठे निधी कर्जरूप शिष्यवृत्ती देतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट त्यातलाच आहे. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन लंडनला आणि जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या मदतीने. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनचे कर्ज बिनव्याजी असते. अशा ठिकाणी 'परत येणार का' यापेक्षा 'परत कसे फेडणार' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. जामीनदार कोण, नोकरी किती दिवसांत लागेल असे तुम्हाला वाटते आणि तोपर्यंत घर कसे चालेल, याची उत्तरे आकड्यांत द्यावी लागतात.

सरकारी शिष्यवृत्त्यांचे वेगळे असते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला अर्ज करण्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, त्यामुळे तिथे नेतृत्व आणि परतल्यानंतरचे काम यांवर भर असतो. तीच तयारी कर्जरूप शिष्यवृत्तीला नेली तर समाजसेवेची भाषणे ऐकून हिशेबवाला सदस्य घड्याळाकडे पाहू लागतो.

टाकीची_चावी

तानसा आणि टाटांचा निधी, दोन्ही १८९२ चे! हे माझ्या लक्षात आले नव्हते.

वाचनालय

कर्जफेड यांच्या मुद्द्याला जोडून एक जुना दाखला देतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि तिच्या बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे 'शिकून पुढे काय करणार' हा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचे उत्तर कागदावर सही करून द्यावे लागत होते. सातरस्ता, तुमच्या लेकीला असा करारनामा असेल तर मुलाखतीच्या आधी तो पूर्ण वाचायला सांगा. बऱ्याच मुलांना त्यातल्या अटी समितीच्या तोंडूनच पहिल्यांदा कळतात.

सातरस्ता

निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज आहे. कर्जफेड, तुमच्या प्रतिसादामुळे आम्ही काल प्रथमच कागद घेऊन बसलो. शुल्क, राहण्याचा खर्च, विमानभाडे आणि व्हिसा हे सगळे मांडल्यावर शिष्यवृत्ती मिळूनही साडेसात लाख कमी पडतात. ही रक्कम कोठून येणार हे मला माहीत होते, पण तिला माहीत नव्हते.

मोगरा

मग परिस्थिती सांगण्याविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हालाच मिळाले आहे, असे मला वाटते. उत्पन्नाचा दाखला फाइलमध्ये असतो आणि समितीने तो पाहिलेला असतो. तेच रडवेल्या स्वरात पुन्हा सांगू नये. 'इतके कमी पडतात, त्यातले इतके वडील भविष्यनिर्वाह निधीतून काढतील आणि इतक्यासाठी बँकेशी बोलणे चालू आहे' असे एका दमात सांगता यावे.

आता माझा अनुभव लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाखतीत, संस्थेचे नाव लिहीत नाही, एका ज्येष्ठ सदस्याने मला विचारले होते की 'लग्न झाल्यावर हे सगळे शिक्षण वाया जाणार नाही कशावरून?'. मी गप्प बसले. मला राग आला होता आणि रडूही येत होते. उरलेल्या प्रश्नांना मी कशी उत्तरे दिली ते आठवत नाही. शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्या प्रश्नामुळेच मिळाली नाही असे मी म्हणू शकत नाही, पण पुढची दहा मिनिटे मी त्या खोलीत नव्हते एवढे खरे.

अभ्यासू_मावशी

मोगराताई, तो प्रश्न विचारायलाच नको होता. आमच्या समितीत एकदा तसे घडले तेव्हा अध्यक्षांनी तिथेच थांबवले, परंतु प्रत्येक ठिकाणी असा अध्यक्ष असेलच असे नाही. मुलींनी एक वाक्य जवळ तयार ठेवावे: 'माझा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्यानंतर मी अमुक काम करणार आहे.' एवढे बोलून थांबावे. प्रश्नाला उत्तर दिले असेही होते आणि त्यात शिरलो नाही असेही होते. हे वाक्य मात्र गिरगावकरांच्या डब्यासारखे पाठच असावे.

हार्बर_लाईन

कपड्यांविषयी कुणीच लिहिले नाही म्हणून मी लिहितो. जुलैत फोर्टला जायचे म्हणजे पांढरी सलवार घालू नये. प्रमाणपत्रांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालावी. मुलाखत रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहावे. हे मी अनुभवावरून सांगतो, कारण मी कुर्ल्याला अडकून चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो होतो आणि समितीने माझ्या विषयाऐवजी मला उपनगरी रेल्वेवरच प्रश्न विचारले. ती उत्तरे मी उत्कृष्ट दिली.

पेन्सिल

मी सध्या विज्ञान शाखेत शिकतो. शाळेत असताना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलो होतो; तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. मला एक गोष्ट उपयोगी पडली. आईने प्रकल्पाची वही बंद करून मला सांगितले की 'शेजारच्या आजींना समजेल असे सांग'. आजींनी मध्येच विचारले की 'पण हे करून काय मिळाले?' आणि मला उत्तर देता आले नाही. मुलाखतीत परीक्षकांनी जवळजवळ तेच विचारले. ताईंनी चाळीतल्या कुणाला तरी प्रकल्प समजावून सांगावा.

सातरस्ता

पेन्सिल, तुझा सल्ला अमलात आणला. तळमजल्यावरच्या काकूंना तिने वीस मिनिटे समजावले. काकूंनी विचारले, 'मग आमच्याकडे पाणी जास्त येते म्हणून आम्ही दोषी का?' त्यावर दोघींचे बराच वेळ बोलणे झाले आणि रात्री तिने निवेदनाच्या प्रतीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिले. आम्हाला दाखवले नाही.

नि३

मुलाखत होऊन गेली असेल. सातरस्ता, काय झाले ते कळवा.

सातरस्ता

विलंबाबद्दल क्षमस्व. मुलाखत परवा झाली. समितीत पाच जण होते आणि ती पंचवीस मिनिटे आत होती. 'स्वतःविषयी सांगा' याचे तिने स्वतः रचून पाठ केलेले उत्तर दिले आणि ते मध्येच तोडून एका बाईंनी विचारले की नोंदी पहाटेच का घेतल्या. तिथून पुढची पंधरा मिनिटे गेजवरच गेली. टाकीची_चावी, घर्षणाचा प्रश्न आला आणि तिला तो आला. भातसा तिच्या लक्षात राहिला, ऊर्ध्व वैतरणा राहिला नाही. सात म्हणून सहाच तलाव सांगितले आणि 'सातवा आठवत नाही' असे कबूल केले. पैशांविषयी एकच प्रश्न झाला, त्याला तिने कागदावरची रक्कम सांगितली आणि हिशेबवाल्या गृहस्थांनी ती लिहून घेतली.

दोषाचा प्रश्न खरोखरच आला. तिने सांगितले की पहिल्या चार दिवसांच्या नोंदींत वेळ लिहिली होती, पण त्या वेळी वरचे किती नळ चालू होते ते लिहिले नव्हते, त्यामुळे ते चार दिवस फुकट गेले आणि नोंदवहीचा तक्ता पुन्हा आखावा लागला. चहा कुणी सांगितला नाही.

शेवटी विश्वस्तांनी विचारले की 'तुमच्या प्रकल्पामुळे चाळीत काय बदलले?'. तिने प्रामाणिकपणे 'दाबाच्या बाबतीत काहीच नाही' असे सांगितले आणि काकूंच्या प्रश्नाची हकिकत ऐकवली. निकाल तीन आठवड्यांनी लागणार आहे.

टाकीची_चावी

सातवा तलाव निकालापर्यंत तिला पाठ करायला लावू नका, आता तो ती जन्मात विसरणार नाही. ते गेज काढून ठेवले की नाही? पावसाळ्यात गंजते.

सातरस्ता

अजून नळावरच आहे. काढायला गेलो होतो, पण काकू म्हणाल्या की राहू दे. पाणी भरताना त्या आता रोज काटा पाहतात आणि तो पडू लागला की वर हाक मारतात.